चार मिनिटांचं रीळ, तीन तासांची कॅसेट

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलचित्रं दाखवली गेली. तिकीट एक रुपया होतं. भारतातला हा चित्रपटाचा पहिला जाहीर खेळ. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १८९५ मध्ये, याच शहरात गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी 'मरुत्सखा' नावाचं मानवरहित विमान उडवलं, असं सांगितलं जातं. पंधराशे फुटांची उंची, पाऱ्यावर चालणारं यंत्र, न्यायमूर्ती रानडे आणि महाराजा सयाजीराव गायकवाड यांची उपस्थिती, असे तपशील त्या कथेबरोबर फिरत असतात. कथा खरी मानली, तर विमान आणि कॅमेरा यांची मुंबईतली चुकामूक जेमतेम एका वर्षाची ठरते. मुंबईकराच्या हातात कॅमेरा यायला आणखी थोडा वेळ लागला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली ती १८९९ मध्ये.

तळपदे ही काल्पनिक व्यक्ती नव्हे. चिराबाजारातला हा माणूस संस्कृतचा अभ्यासक होता आणि १९०७ मध्ये त्याने 'प्राचीन विमान कलेचा शोध' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. प्रश्न आहे तो उड्डाणाचा. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या १०२व्या अधिवेशनात प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, त्याच महिन्याच्या अखेरीस तळपद्यांच्या कथेवर बेतलेला 'हवाईजादा' पडद्यावर आला आणि वाद पुन्हा पेटला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभापूर्वीचा नाही आणि त्यातली विमानं उडणं शक्य नाही, असं १९७४ मध्येच दाखवून दिलं होतं. पण त्या निबंधाने ग्रंथाचा निकाल लागला. चौपाटीवर त्या दिवशी काय झालं, याबद्दल एक बाजू अभिमानाने बोलते, दुसरी हसते आणि दोघांनाही बोट ठेवायला काही नाही.

तळपद्यांची गोष्ट इथे आठवायचं कारण वेगळं आहे. हलक्या, घरी बांधलेल्या उडत्या यंत्रांचा इतिहास जगभर याच अडचणीत सापडलेला आहे. मोठ्या विमानांना कारखाना असतो, कारखान्याला दफ्तर असतं, वार्तापटाचा कॅमेरा दाराशी उभा असतो. अंगणात बांधलेल्या यंत्राला असतो तो बांधणारा माणूस, त्याचे दोन मित्र आणि हातात कॅमेरा धरलेला घरातला कुणीतरी. मी माहीममध्ये राहतो, उड्डाणाच्या इतिहासाचा हौशी वाचक आहे आणि गेली काही वर्षं अशी घरगुती चित्रणं, विशेषतः छोट्या जायरोप्लेनची, जमतील तितकी पाहतो आहे. ती पाहताना एक गोष्ट लक्षात येत गेली. या चित्रणांतला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे न जमलेली उड्डाणं, आणि वाटून घेताना सगळ्यात आधी कात्री लागते तीही त्यांनाच.

जायरोप्लेन म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, कारण आपल्याकडे ही जात फारशी रुजली नाही. दुरून पाहिलं तर ते हेलिकॉप्टरचं पोर वाटतं. हेलिकॉप्टरचा वरचा पंखा इंजिन फिरवतं. जायरोप्लेनचा वरचा पंखा वारा फिरवतो. इंजिन असतं, पण ते प्रोपेलरने यंत्राला पुढे ढकलण्यापुरतं. पुढे सरकताना पात्यांवर खालून वारा येतो आणि ती आपोआप फिरत राहतात, चौपाटीवर विकायला असलेल्या भिरभिऱ्यासारखी. इंजिन बंद पडलं तरी पंखा थांबत नाही. माधवीलतेचं तीन पंखांचं बी जसं गिरक्या घेत खाली येतं, तसं यंत्र हळूहळू जमिनीवर येतं.

ही युक्ती स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा या तरुण अभियंत्याची. १९१९ मध्ये त्याने बांधलेलं तीन इंजिनांचं विमान वेग कमी पडल्यामुळे कोसळलं आणि वेग गेला तरी आकाशातून पडणार नाही असं विमान करायचं, हा ध्यास त्याने घेतला. पहिली तीन यंत्रं कलंडली. एका बाजूचं पातं वाऱ्यावर चालून जातं, तर दुसऱ्या बाजूचं वाऱ्याबरोबर मागे येतं. दोन्हीकडची उचल सारखी राहत नाही आणि यंत्र एका अंगावर झोपतं. वेताच्या लवचिक पात्यांचं खेळण्यातलं प्रतिरूप मात्र नीट उडत होतं. पाती लवतात म्हणून ते उडतं, हे ध्यानात आल्यावर त्याने पात्यांच्या मुळाशी बिजागरी बसवली. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ खेताफे इथे त्याचं चौथं यंत्र उडालं.

योगायोग असा, की हौशी माणसाचा कॅमेराही त्याच सुमारास जन्माला आला. १९२२च्या नाताळात फ्रान्समध्ये पाथे कंपनीने साडेनऊ मिलिमीटर फितीची 'पाथे बेबी' घरगुती यंत्रणा बाजारात आणली, तर १९२३ मध्ये अमेरिकेत कोडॅकची सोळा मिलिमीटरची फीत आली. पुढे १९३२ मध्ये कोडॅकने आठ मिलिमीटरची स्वस्त फीत काढली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले. भारतीय नागरी उड्डाणाचा आरंभ आणि मध्यमवर्गीय घरातल्या सिनेमाचा आरंभ असे एकाच वर्षात येतात.

सिएर्वाला मात्र हौशी कॅमेऱ्याची गरज नव्हती. सप्टेंबर १९२८ मध्ये त्याने आपल्या यंत्रातून इंग्लिश खाडी ओलांडली, तेव्हा ती जगाची बातमी होती. घरगुती चित्रणाची खरी गरज निर्माण झाली ती यंत्र छोटं झाल्यावर. हे काम केलं इगोर बेन्सन या रशियन वंशाच्या अमेरिकी अभियंत्याने. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या टेहळणीसाठी एक माणूस बसेल असा फिरत्या पात्यांचा पतंग दोरीने ओढत असत. ब्रिटनमध्ये राउल हाफनरने त्याच जातीचं 'रोटाशूट' केलं होतं. या कल्पना बेन्सनने पुढे नेल्या. त्याने आधी मोटारीमागे दोरीने ओढायचं बिनइंजिनाचं यंत्र केलं, मग १९५५ मध्ये त्याला इंजिन लावलं आणि १९५७ मध्ये 'बी-८एम' हा नमुना आणला. ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या, एक खुर्ची, मागे सैन्याच्या सरावातल्या चालकरहित लक्ष्यविमानांसाठी केलेलं मॅक्युलॉक इंजिन, आणि वर दोन पाती. रिकाम्या यंत्राचं वजन सव्वाशे किलोपेक्षाही कमी. बेन्सन त्याचे आराखडे आणि सुटे भाग टपालाने विकत असे. १९६२ मध्ये या हौशी लोकांची संघटनाही त्याने उभी केली.

त्यामुळे एक चमत्कारिक परिस्थिती तयार झाली. एकाच नमुन्याची यंत्रं गावोगावच्या गॅरेजांत बांधली जाऊ लागली आणि प्रत्येकाने त्यात आपल्या बुद्धीने थोडा बदल केला. कुणी शेपूट लांब केलं, कुणी जड इंजिन बसवलं, कुणी आसन खाली घेतलं. आराखडा कागदावर उरला. प्रत्यक्ष उडालेलं यंत्र वेगळंच होतं. हे वेगळेपण कुठल्याही कंपनीच्या दफ्तरात नोंदलेलं नाही. ते असेल तर घरातल्या रिळांवर आहे.

आता त्या रिळाकडे पाहू. आठ मिलिमीटरच्या एका रिळावर, सेकंदाला १६ चौकटी धरल्या, तर साधारण चार मिनिटांचं चित्रण मावायचं. फीत महाग, धुणावळ वेगळी. म्हणून कॅमेरा धरणारा हात आखडता. यंत्र धावायला लागलं की कळ दाबायची, चाकं जमीन सोडेपर्यंत थांबायचं, जरा वर गेलं की बंद. वाऱ्याची वाट पाहणं, पाती हाताने ढकलून फिरवणं, तीनदा धाव घेऊन तिन्ही वेळा परत येणं, हे सगळं फितीबाहेर राहिलं. त्यामुळे त्या काळातली घरगुती चित्रणं पाहिली की वाटतं, ही माणसं जात होती, बसत होती आणि उडत होती.

चित्र बदललं ते व्हिडिओमुळे. १९७६ मध्ये व्हीएचएस कॅसेट आली, १९८३ पासून कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच डब्यात मिळू लागले. एका कॅसेटवर दोन-तीन तास मावत. ती पुसून पुन्हा वापरता येई. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून चालू करायचा आणि विसरून जायचं, ही सवय इथे लागली. आणि इतिहासाच्या दृष्टीने ही सवयच उपकारक ठरली. कॅसेटवर न जमलेल्या धावा आल्या. कडेला उभ्या असलेल्या जाणकाराचं पुटपुटणं आलं. मुख्य म्हणजे आवाज आला. आठ मिलिमीटरची बहुतेक रिळं मुकी असत, तर कॅसेटवर इंजिनाचा सूर ऐकू येतो. चालकाने गती कधी वाढवली आणि कधी एकदम सोडली, ते त्या सुरावरून कळतं.

हे कळण्याला फार मोठी किंमत आहे. जायरोप्लेन वेग गमावून कोसळत नाही, हा त्याचा मोठेपणा. पण त्याचं स्वतःचं एक मरण आहे. पात्यांवरचा भार क्षणभर जरी गेला तरी खेळ संपतो. नवखा चालक दांडा जरा जास्त ओढतो, नाक वर जातं. तो घाबरून दांडा पुढे ढकलतो, नाक खाली येतं. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. त्यातच प्रोपेलरचा जोर गुरुत्वमध्याच्या बराच वरून लागत असेल, तर तो जोरच यंत्राला पुढे पालथं घालतो. हे सगळं काही सेकंदांत घडतं आणि जवळ उभ्या असलेल्यांनाही पुढे फक्त 'अचानक उलटलं' एवढंच आठवतं. ब्रिटनमध्ये जीवघेणे अपघात वाढल्यावर तिथल्या नागरी विमान प्राधिकरणाने १९९०च्या दशकात ग्लासगो विद्यापीठाकडून अभ्यास करून घेतला. गुरुत्वमध्य आणि प्रोपेलरच्या जोराची रेषा यांच्यातलं उभं अंतर निर्णायक आहे, असं त्यातून निघालं. शास्त्राने ते गणिताने आणि उपकरणं लावलेल्या उड्डाणांतून सिद्ध केलं. पण जुन्या कॅसेटी हाती असतील, तर कुणालाही ते डोळ्यांनी पाहता येतं: हेलकावा कधी सुरू झाला, इंजिनाचा सूर तेव्हा कसा होता, चालकाचा हात कुठे होता. स्थिर छायाचित्रात यातलं काहीही येत नाही. त्यात यंत्र नेहमी सुखरूप लटकलेलं असतं.

म्हणून अशी चित्रणं वाटताना जो पहिला मोह होतो, त्याविषयी बोलायला हवं. तीन तासांच्या कॅसेटमधली 'चांगली' सात मिनिटं काढायची, खाली संगीत टाकायचं आणि नातेवाइकांना, मित्रमंडळींना पाठवायची. भावना समजण्यासारखी आहे. वडिलांचं यंत्र तीनदा उलटलं, हे कुणाला दाखवावंसं वाटेल? पण एकटं यशस्वी उड्डाण दाखवणारं चित्रण पुराव्याच्या दृष्टीने लंगडं असतं. शंकेखोर माणूस विचारणार, की वारा किती होता? उतारावरून धाव घेतली का? दोरी होती का? या प्रश्नांची उत्तरं त्या कापलेल्या भागात असतात. दहा फसलेल्या धावांनंतरची अकरावी पाहिली की विचारावं लागत नाही. अपयशाची नोंद यशावरचा विश्वास वाढवते, आणि तळपद्यांच्या कथेत नेमकं हेच नाही. एवढ्या मोठ्या यंत्राआधी कुठली छोटी प्रतिरूपं केली, ती किती वेळा पडली, दुसऱ्या दिवशी काय दुरुस्त केलं, यातलं काहीच त्या कथेबरोबर फिरत नाही. थेट पंधराशे फूट. सिएर्वाची तीन कलंडलेली यंत्रं मोजून सांगता येतात, म्हणून चौथ्याबद्दल कुणी वाद घालत नाही.

वेगाचा प्रश्नही लक्षात ठेवण्यासारखा आहे. सेकंदाला १६ चौकटींनी घेतलेलं रीळ संगणकावर घेताना २५ चौकटींनी चालवलं, तर सगळं दीडपटीहून वेगाने घडताना दिसतं. संथ, सांभाळून केलेलं उड्डाण उतावळं वाटू लागतं. पात्यांची गंमत तर याहून मोठी. दोन पात्यांचा पंखा मिनिटाला ३६० फेरे घेत असेल आणि चौकटी सेकंदाला १६ असतील, तर पडद्यावर तो उलटा आणि संथ फिरताना दिसतो. अशा चित्रणावरून 'पंखा नीट फिरत नव्हता' असा निष्कर्ष काढणारा माणूस प्रामाणिकपणे फसतो. म्हणून डिजिटल प्रत वाटताना मूळ फीत कुठली, तिचा वेग किती आणि प्रत कोणत्या वेगाने केली, एवढं तरी सोबत लिहावं. त्याशिवाय तारीख, जागा, चालकाचं नाव, कॅमेरा कुणी धरला होता ते. शेवटचं नाव बहुधा हरवतं. अनेकदा ते घरातल्या बाईचं असतं आणि ती चित्रात कुठेच नसते.

आपल्याकडच्या हौशी उड्डाणांकडे या नजरेने पाहिलं तर काय दिसतं? १९३२च्या टाटांच्या उड्डाणाची आपल्या मनातली प्रतिमा जुहूला काढलेल्या छायाचित्राची आहे. टाटांनी तेच उड्डाण १९६२ मध्ये पुन्हा केलं आणि १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तिसऱ्यांदा केलं. तोवर कॅमेऱ्यांची वाण नव्हती. १९८८ मध्ये मुंबईचे उद्योगपती विजयपत सिंघानिया यांनी लंडनहून दिल्लीपर्यंत मायक्रोलाइट विमान २३ दिवसांत आणलं. आपल्याकडच्या हलक्या विमानांच्या इतिहासातला तो ठळक टप्पा. ही नामवंत माणसं, त्यांच्या उड्डाणाची नोंद कुणी ना कुणी ठेवणारच.

घरी बांधलेल्या यंत्राचं आपल्याकडचं सर्वांत बोलकं उदाहरण माहीमहून फार दूर नाही. कॅप्टन अमोल यादव या व्यावसायिक वैमानिकाने कांदिवलीला चारकोपमधल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते 'मेक इन इंडिया' सप्ताहासाठी वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे माहीमच्या खाडीपलीकडे, मांडलं गेलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याला नागरी विमान महासंचालनालयाची नोंदणी मिळाली आणि २०२०मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर ते उडालं. ते जायरोप्लेन नव्हे, पण जात तीच: घर, गच्ची, कुटुंबाचा पैसा आणि सरकारी कागदांची वर्षानुवर्षांची वाट. गच्चीवरच्या त्या विमानाची चित्रणं वाहिन्यांनी आणि वर्तमानपत्रांनी घराघरांत पोचवली. मात्र यादवांचे त्याआधीचे दोन प्रयत्न पूर्ण झाले नव्हते. इतिहासकाराला उद्या धुळ्याचं उड्डाण हवं असेलच, पण त्याहून जास्त ते आधीचे दोन प्रयत्न हवे असतील. काय अडलं, काय मोडलं, काय सोडून द्यावं लागलं, ते तिथेच सापडेल.

आता मुद्दा टिकण्याचा. घरगुती आठ मिलिमीटरची फीत बहुधा 'रिव्हर्सल' जातीची असे. कॅमेऱ्यात घातलेली फीतच धुऊन पडद्यावर दाखवायची. तिची वेगळी निगेटिव्ह नसते. ती गेली की गेलं. ॲसिटेटची फीत दमट हवेत कुजते तेव्हा डब्यातून व्हिनेगरसारखा वास येतो आणि एका रिळाची लागण शेजारच्याला होते. कॅसेटचं दुखणं निराळं. माहीमच्या घरांत पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते, तशीच ती टेपच्या कडेला धरते. पांढरट ठिपके दिसत असतील तर ती कॅसेट कौतुकाने यंत्रात घालून पाहू नये, टेपही जाते आणि यंत्राचं हेडही. आणि टेप शाबूत असली तरी चालवायची कशावर? व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ मध्ये थांबली. युनेस्कोने टेपवरच्या ध्वनिचित्रांसाठी सावधगिरीचा इशारा दिला होता, त्यात २०२५च्या आसपासची मुदत सांगितली होती. ती मुदत आता मागे पडली आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. प्रत काढून घ्या आणि अख्खी काढा. मूळ फीत किंवा कॅसेट टाकू नका, कारण उद्या अधिक चांगली प्रत निघू शकते. एक प्रत घराबाहेरही असू द्या. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, पण संस्थेच्या दाराशी जाण्याआधी घरातलं काम घरातच करावं लागतं. चित्रणातली माणसं हयात असतानाच त्यांच्याशेजारी बसून ते पाहायचं आणि ती काय बोलतात ते लिहून घ्यायचं. 'हा इथे उभा आहे तो दोरी धरायचा' एवढं एक वाक्य कधी कधी तासाभराच्या चित्रणाला अर्थ देतं.

एक मर्यादा मात्र पाळायला हवी. काही कॅसेटींवर शेवटचं उड्डाण असतं. ते अभ्यासकाच्या कामाचं असतं आणि घरच्यांसाठी ते त्यांच्या माणसाचं मरण असतं. असं चित्रण कुणाला दाखवायचं, हे ठरवण्याचा हक्क त्या घराचा. अभ्यासकाने मागावं, नाही म्हटलं तर परत फिरावं. अख्खं जपणं आणि अख्खं जाहीर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जपलेलं पुढची पिढी उघडू शकते, कापून फेकलेलं कुणालाच उघडता येत नाही.

१८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर कॅमेरा असता, तर तळपद्यांचं काय झालं असतं? कदाचित यान दहा फूट उडून वाळूत रुतताना दिसलं असतं. तेवढ्यानेही त्यांची आज आहे त्याहून अधिक पत राहिली असती. पंधराशे फुटांवर विश्वास ठेवावा लागतो. दहा फूट मोजता येतात.